साधनाच्या मर्यादा

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात पुन्हा एक नवीन ॲप आलं. मी इथे लागल्यापासूनचं हे चौथं. आधीच्यात मेसेज हरवतात म्हणून हे आणलंय. यात काय हरवतं ते सहा महिन्यांनी कळेल, तोवर पाचवं येईल. साहेबांनी पडद्यावर सगळं दाखवलं, कुठे दाबायचं, कुठे नाव येतं, कोणी किती काम केलं ते कसं दिसतं. मग विचारलं, "सगळ्यांना चालेल ना?" आम्ही बाराजणांनी "चालेल" म्हटलं. मीही म्हटलं. मला या प्रकाराचा इतका कंटाळा आलाय की उद्यापासून चिठ्ठ्या लिहून खिडकीतून टाका म्हणाले तरी मी चालेल म्हणेन.

माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मात्र चालेल म्हणताना पर्समधला फोन उलटा करून ठेवला. जुना फोन, काचेला तडा गेलेला. मी ते पाहिलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी मी कल्याणच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्याकडे रोल नंबरानंतर माणसाची दुसरी ओळख म्हणजे त्याचं स्टेशन. मी डोंबिवलीची. माझ्या प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये एक ठाण्याचा, एक शहाडचा आणि एक दिव्याची, म्हणजे दिवा जंक्शनची. चार माणसं, चार स्टेशनं. हा ग्रुप आम्ही निवडलेला नव्हता, हजेरीपटावर आमचे नंबर ओळीने होते एवढंच.

ठाण्याचा आमच्यात सगळ्यात हुशार, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. सुट्टीत त्याने कुठल्याशा कंपनीत इंटर्नशिप केलेली आणि तेव्हापासून चहा मागवतानाही तो 'वर्कफ्लो' म्हणायचा. शहाडचा कुठल्याही वेळी ऑनलाइन दिसायचा आणि कुठल्याही कामाला सापडायचा नाही. मी नीटनेटकी. म्हणजे वह्यांना कव्हरं घालणारी, दुसऱ्याचं शुद्धलेखन सुधारणारी आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देणारी. दिव्याची बोलायची कमी. वर्गात ती सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची, कारण तिच्याकडे पाणी पहाटे यायचं आणि ते भरून झाल्यावर पुन्हा आडवं होण्यात अर्थ नसायचा.

प्रोजेक्टचा विषय तिनेच सुचवला होता. पाणी येण्याची वेळ आणि त्यावर ठरणारा बाईचा दिवस. आम्हा तिघांकडे दुसरा विषय नव्हता, त्यामुळे तो लगेच सगळ्यांचा झाला.

आमच्या मॅडमनी त्या वर्षी नवीन नियम काढला. दरवर्षी एक पोर राबतं आणि चारजण मार्क घेऊन जातात, याला त्या विटल्या होत्या. म्हणून काम एकाच सामायिक फाइलवर करायचं, जिच्यात कोणी कधी काय लिहिलं याची नोंद आपोआप राहते. शिवाय सुरुवातीला एक पान भरून द्यायचं. त्यावर तीन प्रश्न: संपर्कासाठी आणि कामासाठी कोणती साधनं निवडली? का निवडली? त्या साधनांच्या मर्यादा काय?

हे पान आम्ही कॅन्टीनमध्ये एका वडापावच्या वेळात भरलं. ठाण्याचा म्हणाला, "बोर्ड लागणार. कार्डं बनवायची, प्रत्येकाचं काम एका कार्डावर. झालं की ते सरकवायचं. आमच्या ऑफिसात हेच वापरायचे."

"अरे बोर्ड कशाला, शाळा आहे काय?" शहाडचा म्हणाला. "गेम खेळतो त्यावर व्हॉइस रूम आहे माझी. सगळे त्यात या. भारी आवाज येतो."

मी म्हटलं, आधी मेसेजचा एक ग्रुप तरी करा. पाच-दहा मिनिटं वाद झाला. वाद कसला, ज्याच्याकडे लॅपटॉप होता तो जिंकला. बोर्ड, सामायिक फाइल आणि मेसेजचा ग्रुप अशी तीन साधनं ठरली, शहाडच्याचं मन राखायला चौथी व्हॉइस रूमही लिहिली.

"तुला चालेल ना गं?" मी दिव्याच्या मुलीला विचारलं.

ती वडापावच्या कागदाची घडी घालत होती. मान हलवून "चालेल," म्हणाली.

तिच्याकडे फोन कुठला आहे, कोणाचा आहे, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. आमच्याकडे 'चालेल' म्हटलं की विषय संपतो. 'मला आवडलं' आणि 'मला परवडत नाही पण तुमच्यापुढे काय बोलू', या दोन्हीसाठी आम्ही एकच शब्द वापरतो आणि ऐकणारा आपल्या सोयीने घेतो. कारणांच्या रकान्यात ठाण्याच्याने इंग्रजीत सुंदर काहीतरी लिहिलं. मर्यादांच्या रकान्यात लिहिलं, 'नाहीत'. चौघांनी खाली सह्या केल्या.

मेसेजच्या ग्रुपमध्ये तिच्या नावापुढे एका बाईचा फोटो होता, हातात पूजेचं ताट. तो नंबर तिच्या आईचा. घरात एकच फोन, तो दिवसभर आईबरोबर बाहेर असायचा. आई पाच घरी स्वयंपाक करायची. संध्याकाळी आई परतली की तासभर मुलीच्या हाती फोन. त्यात जागाच उरलेली नव्हती, बोर्डाचं ॲप उतरेचना. फाइल उघडायला स्वतःचा ईमेल लागतो, तो तिला नव्हता. ठाण्याचा म्हणाला, "मी ॲड करतो तुला." तो हे तीन वेळा म्हणाला. एकदा भरदुपारी ग्रुपमध्ये त्याने विचारलं, सर्व्हेचं काय झालं, तर उत्तरादाखल तिच्या आईचा आवाज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या. "ती कॉलेजात आहे रे बाबा. मी पोळ्या करतेय. रात्री सांगेल." शहाडच्याने त्यावर हसून लोटपोट झालेल्या चेहऱ्यांची रांग लावली. मलाही हसू आलं होतं. आज ते आठवून बरं वाटत नाही.

सर्व्हे तिने एकटीने केला. आपल्या आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांतल्या चाळीस घरी ती गेली. सगळं एका दोनशे पानी वहीत. पाणी किती वाजता येतं, कोण उठतं, कोणाची नोकरी त्यामुळे सुटली, कोणाचं बाळ त्या वेळी कोणाकडे असतं. नुसते आकडे नव्हते. एक बाई म्हणाली होती, माहेरी जाते ते झोपायला जाते. हे तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. प्रत्येक चार-पाच घरांनंतर तिने आपल्याला काय वाटतं ते लिहिलेलं, आणि ते इतकं चांगलं होतं की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क राग आला. हिला कधी एवढं सुचलं, असा.

आधी ती पानांचे फोटो आईच्या फोनवरून मला पाठवायची आणि जागा हवी म्हणून लगेच पुसून टाकायची. मीही टाइप झालं की पुसायचे. नीटनेटकी ना मी. पण फोटो अंधुक येत, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात तिने वहीच माझ्याकडे दिली. मी डोंबिवलीला घरी बसून एकेक पान टाइप करत गेले आणि पान संपलं की खाली पेन्सिलने बारीक टिक करत गेले, आधी फोटोंवरून केलेल्या पानांनाही. वाक्यं तिचीच ठेवली. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं माझं. मला खरोखर वाटत होतं की मी तिच्यावर उपकार करतेय.

वही देताना ती कॉलेजच्या जिन्यात थांबून म्हणाली होती, "नीट होईल ना गं सगळं? या वर्षी एकही विषय राहिला नाही तर एम.ए. करू देणारेत. बाबांनी कबूल केलंय. राहिला तर मग बस्स."

"अगं, प्रोजेक्टमध्ये कोण नापास करतं?" मी म्हटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर वही काढून एक आकडा ताडून पाहिला आणि वही परत सॅकमध्ये ठेवली. साडेअकराला आम्हाला आत बोलावलं. ठाण्याच्याने सादरीकरण केलं, शहाडच्याचे रंगीत गोल तक्ते त्यात होते. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. त्या दिवशीचा आमचा सातवा ग्रुप असावा, त्यांचा चहा तसाच गार झाला होता. मग त्यांनी फाइल पडद्यावर उघडली आणि कोणी काय लिहिलं ती नोंद बाहेर काढली.

उजव्या बाजूला नावांची यादी आली आणि मजकुराला रंग चढले. माझा रंग जांभळा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं जांभळं. मध्येमध्ये ठाण्याच्याच्या शीर्षकांचा हिरवा ठिपका, तक्त्यांपाशी शहाडच्याचा नारिंगी. चौथा रंग नव्हताच.

"हे सगळं तू लिहिलंस?" मॅडमनी मला विचारलं. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "ही माहेरी झोपायला जाणारी बाई वगैरे?"

मी म्हटलं, "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं, मॅडम."

"ते सगळेच म्हणतात." त्या दिव्याच्या मुलीकडे वळल्या. "तुझं इथे एक अक्षर नाही. तू काय केलंस?"

"सर्व्हे मी केला, मॅडम. लिहिलंय पण मीच. वहीत आहे."

"दाखव वही."

तिने माझ्याकडे पाहिलं. सॅक माझ्या पायाशी होती. चेन ओढली असती तर झालं असतं. मला एवढंच करायचं होतं, आणि त्या दोन-चार क्षणांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. वही उघडली की वाक्य वाक्याशी ताडलं जाणार. प्रत्येक पानाखाली माझी टिक आहे. म्हणजे माझ्या नावावरच्या या जांभळ्या पानांत माझं एकही वाक्य नाही हे मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

"वही घरी राहिली, मॅडम," मी म्हटलं. "माझ्याकडे होती. पण तिने मदत केलीय खूप."

मदत. हा शब्द मी वापरला. ज्या मुलीने चाळीस घरांचे जिने चढून सगळं लिहिलं, तिने मला मदत केली. मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ठाण्याचा लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. दिव्याची सॅककडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. तिने मान हलवली, कॅन्टीनमध्ये हलवली होती तशीच. खोटारडी म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

निकाल लागला. प्रोजेक्टमध्ये वर्गात मी दुसरी आले. तिची प्रोजेक्टची केटी लागली, म्हणजे तेवढा विषय राहिला; बाकी सगळ्या विषयांत ती माझ्यापुढे होती.

दोन दिवस मी घरी डोकं दुखतंय सांगून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी वही घेऊन मॅडमकडे गेले. जे घडलं ते सांगितलं, बऱ्यापैकी खरं सांगितलं. त्यांनी बरीच पानं वाचली. चष्मा काढून डोळे चोळले. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या फक्त थकल्यासारख्या दिसल्या. त्यांचा नियम ज्या पोरीसाठी होता तिच्याच मुळावर आला होता, हे त्यांनाही कळलं असणार.

"मार्क विद्यापीठाकडे गेले," त्या म्हणाल्या. "मी अर्ज करून बघते, पण आता काही होईल असं वाटत नाही. तिला सहा महिन्यांनी पुन्हा द्यावं लागेल." मग वही माझ्याकडे सरकवली. "ही आता मला का दाखवतेस? तिची तिला नेऊन दे."

अर्जाचं काही झालं नाही. मी दिव्याला गेले. तीन वर्षं एका वर्गात काढून मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते. चौथा मजला, दाराशी निळी पिंपं, त्यावर ताटं झाकलेली. तिची आई घरी होती, तिने मला ओळखलं आणि लगेच बसायला सतरंजी घातली. "तूच ना ती, हिचं सगळं टाइप करून देणारी?" म्हणाली. "देव तुझं भलं करो." मुलीने काहीही सांगितलेलं नव्हतं घरी. मी वही मुलीपुढे केली. आईने दिलेलं पाणी पिऊन मी उठले.

ती मला सोडायला खाली उतरली तेव्हा जिन्यात मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. मी घाबरले."

"माहितीये," ती म्हणाली.

"पुन्हा द्यायचंय त्याचं टायपिंग मी करून देते. तू एक बोटही लावू नको."

"नको गं. या वेळी माझ्या नावाने होऊ दे."

स्टेशनजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं एक दुकान होतं. तिथे तिने स्वतःचा ईमेल उघडला, आयुष्यातला पहिला. नंतर पुढच्या आठवड्यात चार दुपारी ती तिथल्या खुर्चीवर बसून टाइप करत होती आणि मी शेजारच्या स्टुलावर. तिने मला बोलावलं नव्हतं. यायला नको असंही म्हणाली नव्हती. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची तिला सवय नव्हती. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मी एका तासात पाच पानं केली असती. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. वहीतल्या पानाखाली माझी टिक दिसली की ती खोडरबराने पुसायची, फुंकर मारायची आणि मग पुढचं पान उलटायची. असं प्रत्येक पानाला. दुकानदाराला वाटलं मी तिला शिकवायला आलेय.

चौथ्या दुपारी सगळं झालं. फक्त ते पहिलं पान राहिलं होतं, तीन प्रश्नांचं. एकटीनेच प्रोजेक्ट द्यायचं असलं तरी ते भरावं लागत होतं. तिने फार विचार केला नाही. कोणतं साधन निवडलं, या पुढे लिहिलं, वही. का निवडलं, या पुढे लिहिलं, पाण्याच्या रांगेत उभं राहून लिहिता येतं आणि ती कोणाची वाट बघायला लावत नाही.

मग मर्यादांचा रकाना आला. तिथे ती थोडी थांबली. मी पडद्याकडे बघत होते, अक्षरं एकेक करून उमटत होती.

'एकदा दुसऱ्याच्या हातात दिली की हे काम आपलं आहे हे दाखवायला आपल्याकडे काही उरत नाही.'

तिने पूर्णविराम दिला, वाक्य एकदा वाचलं आणि माझ्याकडे वळली. "शुद्धलेखन बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. पण तोवर एम.ए.चे प्रवेश होऊन गेले होते आणि तिच्या बाबांनी आपला शब्द पाळला होता. ती कळव्याला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे. दिवाळीला तिच्या आईच्या नंबरावरून मला दिव्यांचा एक फोटो येतो. तो कोण पाठवतं, आई की ती, हे मी कधी विचारलं नाही.

परवा ऑफिसात मी शेजारच्या बाईंना म्हटलं, नवीन ॲप तुमच्या फोनवर चालत नसेल तर सांगा, मी साहेबांशी बोलते. त्या दचकल्या. मग हसून म्हणाल्या, "नाही नाही, तुम्ही आहात ना. मी तुमच्याकडे लिहून देत जाईन, तुम्ही टाका तुमच्या नावाने. मला चालेल."